पन्नास ग्रेनचा फरक : बोथट टोकांना वजन कसं द्यायचं

भातकापणी उरकली, सड्यावरचं गवत पिवळं पडायला लागलं की आमचा तिरंदाजीचा हंगाम सुरू होतो. मैदानावर नव्हे, गुहागरच्या बाजूच्या आगरांत आणि वरच्या कातळावर. हातात साधं धनुष्य, पाठीवर पाचसहा बाण, आणि वाटेत जे सापडेल ते लक्ष्य: नारळाचं सोलून टाकलेलं सोडण, कुजून पडलेला माडाचा ओंडका, पेंढ्याची सुटलेली गुंडी. अंतर कोणी मोजलेलं नसतं. डोळ्याने अंदाज घ्यायचा, खेचायचं, सोडायचं, पुढे चालू पडायचं.

या भटकंतीत नेहमीचा टोकदार फील्ड पॉइंट उपयोगाचा नाही. ओल्या सोडणात तो इतका गच्च बसतो की उपटताना टोक आतच राहतं. नेम चुकला तर बाण गवताच्या मुळांतून सरपटत जातो आणि तासभर शोधूनही हाती लागत नाही. म्हणून इथे बोथट टोक लावतात, ज्याला सगळे ब्लंटच म्हणतात. याच घराण्यातला एक प्रकार म्हणजे जूडो पॉइंट. त्याच्या डोक्याला चार बाजूंनी तारेचे स्प्रिंगचे हात असतात. ते गवतात अडकतात, बाण कोलांटी खाऊन उभा राहतो आणि लांबून पिसं दिसतात. कमरेएवढ्या सुक्या गवतात याची किंमत कळते.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही टोकं मुळात अमेरिका-युरोपात ससे, खारी, रानकोंबड्या अशा छोट्या शिकारीसाठी तयार झाली. तिथे परवाना असतो, ठरावीक मोसम असतो. पात्याचं टोक कापून मारतं, तर ब्लंट धक्क्याने मारतो, म्हणून तिकडे टोकाच्या वजनाला एवढं महत्त्व. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ साली आला आणि शिकारीला बंदी आहे. कायद्याच्या व्याख्येत नुसतं मारणंच नाही, जखमी करणं आणि तसा प्रयत्न करणंही शिकारच धरलं जातं. आगरात माकडं नारळ फोडतात, शहाळी पाडतात, बागायतदाराचा जीव मेटाकुटीला येतो, हे मी रोज बघतो. तरीही ‘बोथटच तर आहे, नुसता हाकलायला मारतो’ असं कोणी म्हणालं तर त्याच्या हातात मी माझं धनुष्य देत नाही. पन्नास पाउंड खेचीच्या धनुष्यातून सुटलेला ब्लंट हाड मोडतो. आपलं लक्ष्य सोडण, आणि तेवढंच.

आता मुद्द्याचं.

गडबड कुठे होते

नवीन माणूस साधारणपणे असं करतो. सहा महिने १७५ ग्रेनच्या (ग्रेन म्हणजे टोकाच्या वजनाचं माप) फील्ड पॉइंटवर सराव करतो, हात बसतो, मग हौसेने ब्लंट मागवतो. मिळतात ते बहुधा १०० किंवा १२५ ग्रेनचे. ते फिरवून बसवतो आणि पहिल्याच दिवशी सगळे बाण भलतीकडे जायला लागतात.

माझंही तेच झालं. मी उजव्या हाताने खेचतो. ब्लंट लावले की बाण डावीकडे आणि थोडा वर. महिनाभर मी बोटं सुटण्यात दोष शोधत बसलो, कोपर बघितलं, अँकर (खेचलेला हात चेहऱ्याशी टेकवायची जागा) बदलला, आणि चांगला बसलेला हात बिघडवून घेतला. दोष हाताचा नव्हताच. टोक पन्नास ग्रेनने हलकं झालं होतं.

दोरी सुटते तेव्हा बाण मागून ढकलला जातो आणि पुढचं वजन जडपणाने जागच्या जागी राहू पाहतं. या दोन्हींच्या मध्ये शाफ्ट, म्हणजे बाणाची काडी, धनुष्यासारखा वाकतो आणि धनुष्याच्या दांड्याला वळसा घालून पुढे जातो. टोक जड असेल तर शाफ्ट जास्त वाकतो, म्हणजे ‘मऊ’ वागतो. टोक हलकं असेल तर कमी वाकतो, म्हणजे ‘ताठ’ वागतो. उजव्या हाताने मारणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, मऊ बाण उजवीकडे. डावखुऱ्यांनी दिशा उलट्या धराव्यात. चाकाच्या कंपाउंड धनुष्यात बाणाला जवळजवळ मधूनच वाट असते, त्यामुळे एवढा त्रास होत नाही. आपल्या साध्या लाकडी किंवा बांबूच्या धनुष्यात मात्र प्रत्येक बाण दांड्याला वळसा घालतो, म्हणून पंचवीस ग्रेनचा फरकसुद्धा वीस मीटरवर दिसतो.

त्यामुळे माझं मत असं आहे आणि ते मी प्रत्येक नवख्याला सांगतो: ब्लंटला वजन द्यायचं ते बाण ‘जबरदस्त’ करण्यासाठी नाही. तुमच्या सरावाच्या टोकाचं जे वजन आहे, ब्लंटचं वजन बरोबर तेवढंच आणायचं. त्याहून जड हवं असेल तर आधी सरावाची टोकं जड करा, त्यावर एक हंगाम घालवा, मग ब्लंट.

आधी काटा

ग्रेन हे माप ऐकून नवखे बिचकतात. एक ग्रॅम म्हणजे १५.४३ ग्रेन, एवढं पुरतं. पण कोकणातल्या माणसाला हे माप परकं नाही, हे मला आमच्या इथल्या एका सोनाराने शिकवलं. मी टोकं घेऊन त्यांच्याकडे वजनाला गेलो होतो. त्यांनी १७५ ग्रेनचा पॉइंट काट्यावर ठेवला, आकडा वाचला आणि म्हणाले, “भाऊ, हे तर तोळ्याला थोडंसंच कमी आहे.”

जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. इंग्रजांनी १८३३ साली तो तसा ठरवला आणि चांदीचा रुपयाही त्याच वजनाचा पाडला. बारा मासे म्हणजे एक तोळा, म्हणून एक मासा म्हणजे १५ ग्रेन. आठ गुंजा म्हणजे एक मासा, म्हणून एक गुंज दोन ग्रेनांपेक्षा जराशी कमी. घरात देवाच्या डब्यात राणीछाप रुपया असेल आणि तो फार झिजलेला नसेल, तर तो काट्यावर ठेवून बघा, ११.६६ ग्रॅमच्या आसपास आकडा दिसेल. आजचे सराफ तोळा म्हणताना पुष्कळदा सरळ दहा ग्रॅम धरतात, तो हिशोब इथे वापरू नका.

स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पायरीने चालतो. एक ग्रॅम म्हणजे पंधरा ग्रेन, तेवढी चूक आपल्याला परवडत नाही. ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्या किंवा ओळखीच्या सोनाराकडे जा. सगळी टोकं, सगळे वायसर, सगळे शाफ्ट तोलून वहीत लिहा. पाकिटावर १२५ छापलेलं टोक प्रत्यक्षात ११९ किंवा १३० निघू शकतं.

बाणाचं एकूण वजनही तोला, कारण त्यावर धनुष्याचं आयुष्य अवलंबून आहे. साध्या धनुष्याला दर पाउंडामागे निदान आठ ते दहा ग्रेनचा बाण लागतो. तुम्ही तुमच्या खेचीला ४५ पाउंड ओढत असाल तर ४५० ग्रेनचा बाण बिनघोर चालतो. निव्वळ रबराची हलकी टोपी बसवून ३०० ग्रेनचा बाण सोडलात, तर दोरीतली उरलेली ताकद बाण घेऊन जात नाही, ती धनुष्याच्या वाकणाऱ्या हातांत परत येते. बांबूचं धनुष्य अशाने उकलतं.

वजन कुठे आणि कसं

उदाहरण एकच धरतो: सरावाचं टोक १७५ ग्रेन, ब्लंट १२५ ग्रेन, भरून काढायचे ५० ग्रेन. म्हणजे ३.२४ ग्रॅम.

पहिला आणि सोपा मार्ग वायसरचा. फिरवून बसणाऱ्या टोकाच्या खांद्यात आणि शाफ्टमध्ये बसवलेल्या आट्यांच्या नळीच्या, म्हणजे इन्सर्टच्या, तोंडात लोखंडी वायसर घालायचा. टोकाच्या खांद्यामागे, आट्यांच्या आधी, पाच मिलिमीटरहून किंचित जाड गुळगुळीत भाग असतो. त्यामुळे चार मिलिमीटर बोल्टचा वायसर तिथे बसत नाही, पाचचा लागतो. पाचच्या साध्या लोखंडी वायसरचं वजन ०.४४ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जवळजवळ सात ग्रेन. शृंगारतळीच्या किंवा चिपळूणच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मूठभर मिळतात. बाहेरचा व्यास दहा मिलिमीटर असल्याने तो शाफ्टच्या बाहेर डोकावतो. सगळे एका बोल्टवर आवळून ड्रिलमध्ये फिरवा आणि कानस लावून गोल उतरवा. उतरवल्यावर वजन घटतं, पुन्हा तोला.

दोन वायसर घाला, फार तर तीन. प्रत्येक वायसरमागे आट्यांची पकड एका मिलिमीटरने कमी होते आणि तो गुळगुळीत भागही इन्सर्टच्या तोंडातून बाहेर सरकतो. तोच भाग टोकाला सरळ धरून ठेवतो. पाचसहा वायसर रचून मारलेला ब्लंट जांभ्याच्या चिऱ्यावर आपटला की आट्यांपाशी वाकतो, मग इन्सर्टही जातो आणि शाफ्टही. आट्यांबद्दल आणखी एक: टोकांचे आटे इंची मापाचे असतात, इंचाला ३२. आपल्या बाजारातला चार मिलिमीटरचा बोल्ट जवळपास तसाच दिसतो, दोन फेरे आतही जातो आणि मग इन्सर्टचे आटे खाऊन टाकतो. मोह आवरा.

दोन वायसरांचे, कानसण्याआधीच्या वजनाने धरले तर, चौदा ग्रेन झाले. उरले छत्तीस. यासाठी मला सगळ्यांत आवडणारा मार्ग तांब्याच्या तारेचा आहे. कोकणात विहिरीवर पंप आहे तिथे मोटर रिवाइंडिंगचं दुकान असतंच. तिथून वीस गेजची इनॅमलची तार मागून घ्या. तिची जाडी ०.९ मिलिमीटर, आणि एक मीटर तारेचं वजन ९० ग्रेनच्या आसपास. साडेसात मिलिमीटर जाडीच्या कार्बन शाफ्टवर तिचा एक वेढा साधारण २.४ ग्रेनचा होतो, अकरा-बत्तिसांश इंचाच्या लाकडी शाफ्टवर २.७ ग्रेनचा. छत्तीस ग्रेनला कार्बनवर पंधरा वेढे. शेजारी शेजारी घट्ट बसवले तर सगळी पट्टी दीड सेंटिमीटरच्या आत राहते.

गुंडाळताना तारेचं एक टोक शाफ्टच्या लांबीला समांतर दाबून धरायचं, त्याच्यावरूनच वेढे घालत यायचं आणि शेवटचं टोक शेवटच्या वेढ्याखालून ओढून कापायचं, पागाच्या जाळ्याची दोरी बांधतात तसं. आधी शाफ्टवर अराल्डाइटचा पातळ हात द्या, वेढे झाल्यावर वरून पुन्हा एक. सुकेपर्यंत बाण बोटांनी हळूहळू फिरवत राहा, नाहीतर गोंद एका बाजूला ओघळतो आणि वजनही तिकडेच जातं. पूर्ण चोवीस तास हात लावू नका. दमट दिवस असेल तर दोन दिवस द्या. पट्टी टोकाच्या अगदी मागे असावी, आणि पूर्ण खेचीत ती धनुष्याच्या दांड्यापासून निदान इंचभर पुढे राहिली पाहिजे. हे आधी खेचून, कोणालातरी बाजूने बघायला लावून तपासा. तारेची कडा किंवा जूडोचा स्प्रिंगचा हात मुठीवर आला तर बोट फाटतं.

तारेचा फायदा असा की एखादा वेढा कमीजास्त करून दोन-अडीच ग्रेनपर्यंत वजन जुळवता येतं. तोटा हा की वजन शाफ्टला चिकटलं, टोकाला नाही. तो बाण कायमचा ब्लंटचाच झाला. मला यात गैर वाटत नाही. ब्लंटचे चार बाण वेगळे ठेवावेत, त्यांच्या नॉकजवळ (दोरीत अडकणाऱ्या मागच्या टोकाजवळ) लाल रंगाचा पट्टा मारावा.

कायमचे ब्लंटचे बाण करायचेच असतील तर आणखी स्वच्छ रीत म्हणजे पोकळ कार्बन शाफ्टमध्ये इन्सर्टच्या मागे पितळेची कांडी चिकटवणं. बहुतेक साध्या कार्बन शाफ्टच्या आत सहा मिलिमीटरची सळई सैलसर जाते. सहा मिलिमीटरच्या पितळी सळईचा एक मिलिमीटर तुकडा साधारण ३.७ ग्रेनचा, म्हणजे पन्नास ग्रेनला साडेतेरा मिलिमीटर. पाच मिलिमीटरची घेतलीत तर दर मिलिमीटरला २.६ ग्रेन. सळई करवतीने जरा लांब कापा आणि काट्यावर बघत बघत कानसून खाली आणा. शाफ्टची आतली बाजू स्पिरिटच्या बोळ्याने पुसून अराल्डाइटने बसवा. गरम वितळणारा गोंद वापरणार असाल तर उष्णता पितळेला द्या, कार्बनला ज्योत दाखवू नका. आतला बंध सुटतो आणि बाण बाहेरून शाबूत दिसतो. तयार पितळी इन्सर्टही पन्नास, पंचाहत्तर, शंभर ग्रेनचे मिळतात, पण हातात कानस असेल तर त्यासाठी थांबायची गरज नाही.

लाकडी किंवा बांबूच्या शाफ्टवर टोक चिकटवतात, फिरवत नाहीत. शाफ्टचं तोंड पाच अंशांच्या उताराने निमुळतं तासायचं आणि टोकाच्या पोकळीत बसवायचं. या पोकळीच्या तळाशी थोडी जागा राहते, तिथे वजन टाकता येतं. निमुळत्या तोंडाचा शेंडा दोनतीन मिलिमीटर कापा, पोकळीत पितळेचा बारीक तुकडा किंवा तारेची गुंडाळी टाका, गोंद भरा, बसवा. आमच्याकडे बांबूच्या शाफ्टला माणगा चालतो, भरीव असतो आणि सरळ मिळतो. टोकाच्या लगेच मागे पेर येईल असा तुकडा निवडलात तर आपटल्यावर तोंड फाटत नाही. तरीही मागे दोऱ्याचे वेढे घालाच.

शिशाबद्दल लिहायलाच हवं, कारण किनाऱ्यावर ते सहज मिळतं. जाळ्यांच्या दुकानात पागाला लावायच्या शिशाच्या गोळ्या टोपलीभर असतात. शिसं पितळेपेक्षा जड, ३२७ अंशांना वितळतं, चुलीवरसुद्धा वितळतं. नेमका म्हणूनच धोका. काही वर्षांपूर्वी मी पडवीत पळीत शिसं वितळवलं आणि एका ब्लंटच्या पोकळीत ओतलं. पावसाळा नुकताच संपला होता, पोकळीत ओलाव्याचा एक थेंब असणार. त्याची वाफ झाली आणि शिसं उसळून माझ्या मनगटावर आलं. डाग अजून आहे. आणि तो भाजलेला डाग हे त्यातलं छोटं नुकसान. शिशाची वाफ आणि भुकटी अंगात साठते, लहान मुलांना तर फार वाईट. घरात शिसं वितळवू नका. वापरायचंच असेल तर तयार गोळी पकडीने चेपून पोकळीत घाला, वर गोंदाचा पूर्ण थर द्या म्हणजे ती शेतात गळून पडणार नाही, आणि हात साबणाने धुतल्याशिवाय तोंडाला लावू नका. मी आता शिसं वापरत नाही. पितळ थोडं लांब होतं, एवढाच फरक.

रबरी ब्लंट करणाऱ्यांसाठी थोडक्यात. स्टुलाच्या किंवा खुर्चीच्या पायाचं रबरी बूट, आतल्या मापाचं नीट बसणारं, फील्ड पॉइंट काढलेल्या बाणाच्या तोंडावर बसवता येतं. आत तळाला एक लोखंडी वायसर टाका. नाहीतर दहाबारा फटक्यांत शाफ्ट रबर फोडून बाहेर येतो. वायसरचं वजनही कामी येतं.

गोल फिरतो का

वजन लावून झालं की बाण काचेच्या तुकड्यावर, अर्धा शाफ्ट बाहेर ठेवून, हळू फिरवा आणि टोकाकडे बघा. टोक थरथरलं तर वायसर एका बाजूला सरकलाय किंवा टोक वाकडं बसलंय. वायसर सैल करून पुन्हा मध्यावर आणा. चिकटवलेलं टोक असेल तर गरम करून फिरवा. थरथरणारं जड टोक थरथरणाऱ्या हलक्या टोकापेक्षा जास्त त्रास देतं, म्हणून इथे घाई करू नका. एका संचातली टोकं पाच ग्रेनच्या आत जुळवा आणि प्रत्येक बाणाला ऑइल पेंटने आकडा घाला. पुढे एखादा बाण सतत चुकायला लागला तर तो कोणता, हे कळायला हवं.

मग तोल बघा. बाण बोटावर आडवा ठेवून तो कुठे समतोल राहतो ती खूण करा. नॉकच्या खाचेपासून त्या खुणेपर्यंतचं अंतर घ्या, त्यातून शाफ्टची अर्धी लांबी वजा करा, उरलेल्याला पूर्ण लांबीने भागा आणि शंभराने गुणा. लांबी नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंत, टोक सोडून. समजा शाफ्ट ७६ सेंटिमीटर, बाण ४५० ग्रेनचा, तोल ४७ सेंटिमीटरवर. सत्तेचाळीस उणे अडतीस नऊ, भागिले ७६, साधारण १२ टक्के. तोंडाशी पन्नास ग्रेन घातले की तोल ५० सेंटिमीटरच्या जवळ सरकतो आणि आकडा पावणेसोळा टक्क्यांवर जातो. सरावाच्या बाणाचा आकडा आणि ब्लंटच्या बाणाचा आकडा एकमेकांजवळ असले पाहिजेत, हेच बघायचं. तार टोकाच्या मागे असल्याने अर्धापाऊण टक्का इकडेतिकडे होतो, तो चालतो.

मारून बघणं

सकाळी जा. पहाटेपासून मतलई वारा असतो, हलका असतो, कधी पडूनच असतो. अकरानंतर समुद्रावरून खारा वारा सुरू झाला की आपण बाण तपासतोय की वारा, ते कळत नाही.

दहा मीटरवर पेंढ्याने गच्च भरलेलं गोणपाट टांगा, मागे दगडी गडगा नको, मातीचा बांध हवा. जांभ्याच्या गडग्यावर आपटलेला ब्लंट सरळ तुमच्याकडे उसळून येतो. आधी सरावाचे तीन बाण, मग वजन दिलेले ब्लंटचे तीन. दोन्ही झुबके एकमेकांवर पडले तर काम झालं. ब्लंट उजवीकडे गेले (उजव्या हाताच्या माणसाचे) तर वजन जास्त झालंय, दोन वेढे सोडवा. डावीकडे गेले तर अजून कमी आहे. काटा बरोबर असूनही ब्लंट जरा उजवीकडे जाऊ शकतात, कारण ब्लंटचं डोकं लांब असतं आणि वजन शाफ्टच्या आणखी पुढे जातं. अशा वेळी काट्यापेक्षा गोणपाटावर विश्वास ठेवा.

दहा मीटरवर जुळलं की वीसवर जा. ज्यांनी सरावाची टोकंसुद्धा पन्नास ग्रेनने वाढवली आहेत, त्यांना इथे बाण खाली पडलेला दिसेल. ४५० ग्रेनचा बाण ५०० ग्रेनचा झाला की वेग जास्तीत जास्त पाच टक्क्यांनी उतरतो, आणि वीस मीटरवर त्याचा अर्थ चार बोटं खाली. एवढं डोळा आठवड्याभरात आपोआप शिकतो. पण दिशेचा प्रश्न डोळा शिकून सुटत नाही. टोक जड केल्यावर बाण मऊ पडला आणि सगळे उजवीकडे चालले, तर पिसं नसलेला एक बाण त्याच वजनाच्या फील्ड पॉइंटने मारून खात्री करा. तो पिसांच्या बाणांच्या उजवीकडे पडला तर शाफ्ट खरंच मऊ आहे. मग शाफ्ट मागून, नॉककडून, पाव-पाव इंच कापत या. आखूड शाफ्ट ताठ होतो. कार्बन कापताना तोंडाला फडकं बांधा आणि भुकटी ओल्या कापडाने पुसा. कापायचं नसेल तर धनुष्याच्या बाजूला, जिथे बाण टेकतो तिथे, चामड्याचा एक पातळ तुकडा आणखी चिकटवून बघा. मऊ बाणाला त्याने मदत होते. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर कशाने सुधारलं ते समजणार नाही.

बाहेर पडल्यावर

पहिल्या भटकंतीत नवख्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुतेक लक्ष्य निवडण्यातल्या असतात.

उभ्या माडावर किंवा पोफळीवर कधीही मारू नका, बोथट टोकानेही नाही. खोडाला जखम झाली की सोंड्या भुंगा तिथे अंडी घालतो आणि वर्ष-दोन वर्षांत माड हातचा जातो. ज्याच्या आगरात आपण फिरतो त्याच्या पोटावर तो पाय आहे. वारुळावर मारू नका. आत नाग असतो, आणि गावात त्याची पूजा होते. वर झाडात मारू नका, झावळ्यांतून बाण कुठे उतरेल ते कोणालाच सांगता येत नाही. मार्चपासून काजू वेचायला बायका-मुलं कातळाच्या कडेने फिरत असतात, गुरं तर वर्षभर. लक्ष्याच्या मागे चढ किंवा बांध नसेल तर तो बाण सोडायचा नाही.

उत्तम लक्ष्य म्हणजे आठवडाभर भिजलेली सोडणं. पाचसहा सोडणं उताराच्या पायथ्याशी वेगवेगळ्या अंतरांवर टाकून या. ब्लंट लागला की ‘धप्प’ आवाज होतो, सोडण उडून पडतं आणि बाण जागेवर राहतो. वजन बरोबर बसलेल्या ब्लंटचा आवाजही भरीव येतो आणि धनुष्य हातात कमी थरथरतं. हलका ब्लंट त्याच सोडणावरून घसरून बाजूला जातो.

प्रत्येक फटक्यानंतर टोक हाताने आवळून बघा, धक्क्याने ते सुटत राहतं. आट्यांना जरा मेण लावलं तर कमी सुटतं. कार्बनचा बाण दगडाला लागला असेल तर दोन्ही हातांनी धरून, चेहऱ्यापासून लांब, सगळ्या बाजूंनी थोडा वाकवा आणि कान द्या. कर्र असा आवाज आला किंवा बोटाला तंतू लागले तर तो बाण तिथेच मोडून टाका. तडा गेलेला कार्बन पुढच्या वेळी सुटताना फुटतो आणि त्याच्या काड्या धनुष्य धरलेल्या हातात शिरतात.

घरी आल्यावर टोकं काढून ठेवा. हे किनाऱ्यावरच्या माणसाने जास्त पाळावं. खारी हवा, लोखंडी वायसर आणि ॲल्युमिनियमचा इन्सर्ट एकत्र राहिले की महिन्याभरात पांढरी भुकटी धरते आणि टोक पकडीनेही फिरत नाही. वायसर आणि आटे फडक्याने पुसा, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब लावा. खोबरेल लावू नका, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं. मे महिन्याच्या शेवटी, पहिल्या पावसाआधी, सगळी टोकं झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात आणि बांबूचे शाफ्ट चुलीच्या वरच्या माळ्यावर, आडवे, चार ठिकाणी टेकवून. दसऱ्याला खाली काढाल तेव्हा आधी काचेवर फिरवून बघा आणि पुन्हा तोला. बांबूने पावसाळ्यात ओलावा घेतलेला असतो, वहीतला आकडा तेव्हा दहा-वीस ग्रेनने चुकतो. आठ-दहा दिवस पडवीतल्या उन्हात वाळवा, मगच तारेचे वेढे कमीजास्त करायला घ्या.